रक्त वाढलं, लोह आटलं

परवा आत्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "अरे, यंदा गणपतीतल्या शिबिरात तू रक्त दिलं नाहीस म्हणे. सगळं ठीक आहे ना? लपवू नकोस हो काही."

आमच्या घरात रक्तदान म्हणजे जवळजवळ कुळाचार. बाबांनी पन्नासच्या वर वेळा दिलं, मी अठरा पूर्ण झाल्यावर त्याच आठवड्यात पहिल्यांदा दिलं. त्यामुळे मी शिबिरात नुसता चहा-बिस्किटं वाटत उभा होतो ही बातमी नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. फोनवर "काही नाही गं, ठीक आहे" म्हणून वेळ मारून नेली. मग वाटलं, ज्या गोष्टीने माझी दोन वर्षं खाल्ली ती एकदा लिहूनच टाकावी. आत्या हा ब्लॉग वाचते. नेहमीची मित्रमंडळी वाचतातच. विषय जरा अवघडल्यासारखा आहे, पण पन्नाशीला आल्यावर आता कशाची लाज बाळगायची!

तर मंडळी, सुरुवातीपासून सांगतो.

2017 साली माझ्या पियुषिका ग्रंथीवरची गाठ काढली, हे बहुतेकांना माहीत आहे. नाकातून दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन, आठवडाभर सगळे भेटायला येत होते. गाठ साधी निघाली, पेढे वाटले, विषय संपला. जे कुणाला सांगितलं नाही ते असं, की माझ्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बनणं जवळपास बंद झालं होतं. ही ग्रंथी वाटाण्याएवढी, पण हुकूम तिचा चालतो. वरून हुकूम येईना म्हणून खालचा कारखाना बंद. जिना चढताना धाप, दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरे, आणि कशातच मन नाही. हिमोग्लोबिन 11.8. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन फार कमी झालं की रक्तही उतरतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी कमरेत 250 मिलिग्रॅम. आणि खरं सांगतो, तीन-चार महिन्यांत मी माणसात आलो. हिमोग्लोबिन चौदावर गेलं. बायको म्हणाली, "आता पुन्हा भांडायला लागलास, म्हणजे बरा झालास." :)

हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ या आनंदातच आहे. जे औषध तुम्हाला तुमचं आयुष्य परत देतं, त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकायची तयारी नसते.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही अशी एक ओळ असते. तिलाच हिमॅटोक्रिट म्हणतात. शंभर भाग रक्तात लाल पेशींनी किती भाग जागा व्यापली आहे, तो हा आकडा. पुरुषांत साधारण 40 ते 50. माझा ऑपरेशनच्या वेळी 36 होता. मग 44 झाला, 47 झाला, 51 झाला. प्रत्येक वेळी मी खूश. आईने तर देवापुढे साखर ठेवली. रक्त वाढणं ही आपल्याकडे वाईट बातमी असूच शकत नाही ना! 2021 च्या शेवटी तो 54.8 आला आणि लॅबवाल्याने शेजारी ठळक अक्षरांत खूण केली.

टेस्टोस्टेरॉनने रक्त का वाढतं, हे थोडक्यात सांगतो. एकतर ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढवतं. हे मूत्रपिंडात बनतं आणि अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला लावतं. दुसरं म्हणजे ते यकृतात बनणारं हेप्सिडिन कमी करतं. हेप्सिडिन म्हणजे लोहाच्या कोठारावरचा पहारेकरी. पहारेकरी हलला की साठ्यातलं लोह भराभर बाहेर येतं आणि नव्या पेशींत खर्च होतं. म्हणजे बघा, रक्ताचा एक थेंब न काढतासुद्धा या उपचारात लोहाचा साठा उतरू लागतो. हा दुसरा भाग माझ्यापर्यंत कुणी पोचवला नाही. मीही विचारला नाही.

54 हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय, की उपचार सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट बघा, तीन ते सहा महिन्यांनी बघा, मग वर्षातून एकदा. 54 च्या वर गेला तर उपचार थांबवा, तो खाली येऊ द्या, ऑक्सिजन कमी पडतोय का आणि झोपेत श्वास अडकतोय का ते तपासा, आणि मग कमी डोसवर पुन्हा सुरू करा. क्रम नीट बघा. थांबवा, कारण शोधा, डोस कमी करा. रक्त काढा हे त्या क्रमात पहिलं नाही.

मला मात्र ओळखीच्या एका डॉक्टरांनी सोपी युक्ती सांगितली. "तुम्ही रक्तदान करताच ना? मग दर तीन महिन्यांनी देत जा. दोन्ही कामं होतील."

एका दगडात दोन पक्षी. मी तर उडालोच! डोस तोच राहणार, पीसीव्ही खाली येणार, वर पुण्य. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर चालतं. मी दिनदर्शिकेवर खुणा केल्या आणि तेरा महिन्यांत पाच वेळा रक्त दिलं.

इथे एक कबुली. शिबिरात फॉर्म भरून घेतात, त्यात कुठली औषधं चालू आहेत असं विचारतात. पाचही वेळा मी "नाही" लिहिलं. फॉर्म तपासायला कॉलेजची पोरं बसलेली, त्यांच्यासमोर टेस्टोस्टेरॉन लिहायचं? नको वाटलं. ही चूक पूर्ण माझी. माझं रक्त घ्यायचं की नाही हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. मी त्यांना ठरवूच दिलं नाही.

आता पुढची गंमत. चौथ्या रक्तदानाच्या सुमाराला मला पुन्हा थकवा सुरू झाला. रात्री अंथरुणावर पडलं की पाय शिवशिवायचे, हलवल्याशिवाय चैन पडेना. केस गळायला लागले. आणि एक विचित्र सवय लागली, बर्फ चावायची. फ्रीजमधला ट्रे रिकामा करायचो. बायको म्हणायची, दात पडतील. मी म्हणायचो, उकाडा आहे. डिसेंबर होता!

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. मला सगळीकडे टेस्टोस्टेरॉन दिसायचं. थकलोय, म्हणजे ते कमी पडतंय. झोप नाही, म्हणजे ते कमी पडतंय. रक्ताचा संशय यायचं कारणच नव्हतं. हिमोग्लोबिन 15.6, पीसीव्ही 51. शिबिरात थेंब तपासायचे आणि "काका, मस्त आहे रक्त" म्हणायचे. मी डोस वाढवून मागायच्या तयारीने हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. कोविडच्या काळात ही भेट लांबत लांबत गेली होती. बाईंनी सगळे रिपोर्ट ओळीने मांडले आणि एकच प्रश्न विचारला.

"फेरिटिन कधी केलंय?"

कधीच नाही. केलं. 8 आलं.

फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा किती हे सांगणारा आकडा. अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर तो फसवा वाढतो, पण कमी आला तर त्याचा अर्थ एकच, कोठार रिकामं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत 15 च्या खाली साठा संपला असं मानते. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली ठेव. माझा खिसा फुगलेला आणि पासबुकात शिल्लक शून्य. रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, 73 वर आला होता. पेशी भरपूर, पण एकेक पेशी बारकी. लोह नसताना टेस्टोस्टेरॉन मज्जेला नुसतं दामटत होतं. शिवाय लोह काही फक्त रक्तात लागत नाही, स्नायूंत लागतं, पेशींच्या आत ऊर्जा तयार होते तिथेही लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन चांगलं असूनही माणूस गळून जातो. आणि बर्फ चावायची ओढ हे तर लोह कमी असल्याचं अगदी पुस्तकातलं लक्षण निघालं.

घरी येऊन हिशेब केला. (हा मी आधी का केला नाही? शाळेत गणितात बरा होतो.) एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण 3.4 मिलिग्रॅम लोह असतं. माझं हिमोग्लोबिन 17 असताना 350 मिलिलिटरची एक पिशवी दिली, म्हणजे जवळजवळ 60 ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, म्हणजे 200 मिलिग्रॅम लोह. पाच पिशव्यांचं मिळून एक ग्रॅमच्या आसपास. पुरुषाच्या शरीरातला राखीव साठाच मुळात अर्धा ते एक ग्रॅम. आणि जेवणातून आपण रोज शोषतो किती, तर एक ते दोन मिलिग्रॅम, त्यातलं एक तर रोजच्या झिजेतच जातं. विहिरीत झरा एवढासा, आणि मी पंप लावून उपसत होतो.

2015 मध्ये अमेरिकेतल्या रक्तदात्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना लोहाची गोळी दिली नव्हती त्यांच्यापैकी दोन तृतीयांश लोकांचा साठा 24 आठवड्यांनंतरही भरून आला नव्हता. हे एकदाच रक्त देणाऱ्यांचं. मी तर दर तेरा आठवड्यांनी देत होतो.

बाईंनी सांगितलं, "लोह देऊ या, पण आधी डोस कमी करू. डोस तसाच ठेवून लोह दिलं तर मज्जेला आयता कच्चा माल मिळेल आणि पीसीव्ही पुन्हा उसळेल."

आणि मी, मंडळी, मी चक्क भांडलो. डोस कमी करायचा म्हणजे पुन्हा तो 2017 चा मी. सोफ्यावर पडून छताकडे बघणारा. कितीही पिशव्या काढा, पण डोस काढू नका, असं मी त्यांना जवळजवळ विनवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या दोन वर्षांचे आकडे दाखवले. इंजेक्शननंतर तीन दिवसांनी केलेल्या तपासणीत माझं टेस्टोस्टेरॉन नैसर्गिक मर्यादेच्या कितीतरी वर होतं. पंधराव्या दिवशी तळाला. मी ज्याला तब्येत समजत होतो ती चढ-उताराची झोपाळ्यावरची फेरी होती, आणि त्या उंच झोक्यांनीच रक्त दाट होत होतं. अशा इंजेक्शनांनी जेलपेक्षा पीसीव्ही जास्त वाढतो, ही जुनी माहिती असलेली गोष्ट आहे.

आपण डोस कमी करायला इतके का घाबरतो, यावर मी नंतर खूप विचार केला. रक्त काढणं हे काहीतरी केल्यासारखं वाटतं. सुई, पिशवी, पट्टी, आणि आकडा लगेच तीनएक अंकांनी खाली. डोस कमी केला तर मात्र वाट बघावी लागते. लाल पेशी जगते सुमारे 120 दिवस, म्हणजे जुना ढीग ओसरायला तीन-चार महिने लागणारच. तेवढा धीर ना रुग्णाला असतो, ना कधीकधी डॉक्टरला. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, अशी आपल्याकडे म्हण आहे. कूड बिचारा निदान थकत तरी नाही.

माझं मत कुणी भलतीकडे नेऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, दाट रक्ताकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. 2023 मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवर केलेली ट्रॅव्हर्स ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात टेस्टोस्टेरॉन जेल लावणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे वाढले नाहीत, पण फुप्फुसात गुठळी अडकण्याचं प्रमाण 0.9 टक्के होतं, नुसतं जेल लावणाऱ्यांत 0.5. फरक छोटा आहे, पण आहे. दुसरी, रक्त काढणं हा उपचारच खोटा असंही नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा या मज्जेच्या आजारात ते जीव वाचवतं. 2013 च्या इटलीतल्या अभ्यासात त्या रुग्णांचा हिमॅटोक्रिट 45 च्या खाली ठेवल्यावर हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या 2.7 टक्के रुग्णांत दिसल्या, जरा सैल ठेवलेल्यांत 9.8 टक्के. पण तो आजार वेगळा, तिथे मज्जाच बिघडलेली असते. टेस्टोस्टेरॉनने वाढलेल्या रक्तात सतत पिशव्या काढत राहिल्याने धोका टळतो, असं दाखवणारी तशी चाचणी नाही. आकडा फारच वर असेल, डोकं जड, नजर धूसर असेल, तर डॉक्टर एखाददुसरी पिशवी काढतील, काढावीच. माझी हरकत आहे ती त्याचा वार्षिक सण करण्याला. ज्याचा नळ आपल्याच हातात आहे त्याची बादली किती वेळा ओतायची?

तर मग काय करायचं? मला जे उशिरा कळलं ते असं. पीसीव्ही वाढला की आधी डोस, प्रकार आणि दोन इंजेक्शनांमधलं अंतर बघायचं. मग झोप. बायको घोरण्याबद्दल वर्षानुवर्षं ओरडत होती, शेवटी तपासणी केली तर रात्री श्वास अडकून ऑक्सिजन उतरत होता. ऑक्सिजन उतरला की मूत्रपिंड पुन्हा तेच एरिथ्रोपोएटिन सोडतं! आता रात्री मास्क लावून झोपतो, मुलगी मला पायलट म्हणते. सिगरेट ओढणाऱ्यांनी ती सोडायची. तपासणीला जाताना तहानलेलं जायचं नाही, पाणी कमी असेल तर आकडा उगाच वर दिसतो. आणि रक्त काढायची वेळ आलीच, तर आधी आणि नंतर फेरिटिन. सीबीसीच्या कागदावर ते नसतं, वेगळं मागावं लागतं. लोहाची गोळी मात्र मनाने घ्यायची नाही. खजूर आणि बीट घेऊन येणाऱ्या मावशीलाही हे समजावून सांगायचं. (हे सगळ्यात कठीण.)

मला जेल दिलं. रोज सकाळी खांद्याला लावायचं, हात साबणाने धुवायचे, वाळलं की शर्ट घालायचा, म्हणजे घरातल्यांच्या अंगाला लागत नाही. तीन आठवड्यांनी लोहाची गोळी, एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत, आणि चहा त्यापासून दोन तास लांब. चहा लांब ठेवणं डोस कमी करण्याहून अवघड गेलं. पहिला महिना वाईट होता, खोटं बोलत नाही. पण छताकडे बघणारा तो मी परत आला नाही. पाच महिन्यांनी पीसीव्ही 48, फेरिटिन 46. पाय शांत. बर्फाचा ट्रे भरलेला.

रक्तदानाचं म्हणाल तर यंदा शिबिरात गेलो, तिथल्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या हार्मोनच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू, आज नको." मला राग आला नाही. चहाच्या टेबलावर गेलो.

तिथेच लेक आली. नुकतीच अठरा पूर्ण झालीये, आजोबांची परंपरा चालवायला निघाली होती. तिच्या बोटातला थेंब तपासला आणि तिला परत पाठवलं. 12.5 लागतं, तिचं 11.2. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. तो आकडा मी माझ्या वाचनात पाहिला होता, पण तो माझ्याच घरात राहतो हे दिसलं नव्हतं. दोन वर्षं या घरात फक्त माझ्या रक्ताचे कागद पसरलेले असायचे. ती दुपारी कॉलेजातून येऊन झोपायची, आम्ही म्हणायचो, मोबाईल बघत जागते रात्री.

तिचं फेरिटिन 6 आलं. माझ्याहून कमी.

आता एक दिवसाआड दोघं बरोबर गोळी घेतो, एकाच लिंबाच्या पाण्यासोबत. आत्या, तुला फोनवर सांगायचं राहिलं ते हे. आणि हो, तूही सारखी दमते म्हणतेस ना, एकदा बघून घे. फक्त हिमोग्लोबिन नको गं, फेरिटिन सांग त्यांना.

असो. बरंच लांबलं. चहाची वेळ झाली, आज गोळीचा दिवस नाही.